आधी काय सोसणार नाही ते ठरवा

सातपुड्याच्या पायथ्याशी, सोनाळ्यात, जून उजाडला की प्रश्न एकच: यंदा काय पेरायचं? निकष मात्र अनेक. लागणारं भांडवल, हाती येणारा पैसा, कापूस वेचायला मिळणारे मजूर, गुरांसाठी कुटार, अंबाबरव्याच्या जंगलाकडून शेतात उतरणारी रानडुकरं. शिवाय पाऊस आणि भाव, जे कुणाच्याच हाती नाहीत.

जवळच्या जळगाव जामोद तालुक्यात, भेंडवळला, अक्षय्य तृतीयेला घट मांडतात आणि दुसऱ्या पहाटे पिकापाण्याचं भाकीत करतात. वेधशाळाही अंदाज देते. अंदाज काय होईल ते सांगतो. तसं झालं तर सोसेल का, हे ज्याचं त्यालाच ठरवावं लागतं.

निर्णयशास्त्राची सर्वांत सोपी रीत बेरजेची. प्रत्येक निकषाला वजन द्या, पिकाला गुण द्या, बेरीज करा. पण बेरजेत एकीकडचा नफा दुसरीकडचं दिवाळं झाकतो. बेरजेला बुडणं दिसत नाही.

फ्रान्सच्या बर्नार रॉय यांनी १९६०च्या दशकात मांडलेल्या रीतीत नकाराला जागा आहे: एका निकषावर पर्याय फारच पडत असेल, तर बाकीचे गुण त्याला तारत नाहीत. ७५ ते १०० मिलिमीटर पाऊस झाल्याशिवाय पेरू नका, हा कृषी खात्याचा सल्ला याच जातीचा. दुबार पेरणीचा खर्च कोणत्याही गुणांनी भरून निघत नाही.

लिओनार्ड सॅव्हेज यांनी १९५१मध्ये तिसरी रीत सांगितली: जास्तीत जास्त पश्चात्ताप ज्यात कमीत कमी, तो पर्याय घ्या. सोयाबीनच्या तासांमध्ये तूर घेणारा शेतकरी तेच करतो. सोयाबीन शंभरेक दिवसांत निघतं, तूर मागाहून येते. चांगल्या वर्षाचा सगळा नफा त्याला मिळत नाही. पण पावसाच्या एका खंडात सगळं जाण्याची भीतीही कमी होते.

सरासरी ही पुष्कळ वर्षं हाती असणाऱ्याची सोय आहे. उधारीवर बियाणं आणणाऱ्याकडे हेच एक वर्ष असतं.

म्हणून क्रम असा हवा: आधी नकार, मग पश्चात्ताप, शेवटी बेरीज. आणि चूक ज्याच्या अंगावर येणार, वजनंही त्यानंच ठरवावीत. पीक सुचवणाऱ्यांनी उत्पन्नाचे आकडे मांडण्याआधी शेतकऱ्याला एवढंच विचारावं: कोणतं नुकसान तुम्हाला सोसणार नाही?