खोड

अंगणात गाडी लावायचो त्या जागी एक डाग पडायला लागला होता. तांबूस, तेलकट. सकाळी सडा टाकायला गेली की आई म्हणायची, "रातीत मुतली बग तुजी गाडी." शेणानं सारवलं तरी चार दिवसांनी डाग पुन्हा वर यायचा.

गाडी 2003 सालची, डिझेलवरची. मी तिचा तिसरा मालक. गळत होतं ते पॉवर स्टेअरिंगचं तेल. इंजिनाच्या पट्ट्यावर एक पंप फिरतो, तो हे तेल दाबानं स्टेअरिंगच्या डब्यात ढकलतो, म्हणून एवढं जड धूड एका हातानं वळतं. पंपापासून डब्यापर्यंत रबरी पाइप जातो. त्याच्या लोखंडी टोकात रबर जिथं दाबून बसवलेलं असतं, तिथं पाझर फुटला होता. मला ते ठाऊक होतं. दोन पावसाळे मी तेलाची बाटली मागच्या सीटखाली ठेवून काढले. वळणावर पंप कण्हायला लागला की समजायचं, हिला तहान लागली. थोडं ओतायचं आणि पुढं जायचं.

दुखऱ्या गुडघ्याशी माणूस जमवून घेतो तसं मी जमवून घेतलं होतं. जीव माझा, गाडी माझी. त्यात पापपुण्य कसलं? प्रश्न आला तो गाडी विकायला काढल्यावर.

पाटण तालुक्यातल्या डोंगरातल्या एका गावचा पोरगा बघायला येणार होता. आदल्या संध्याकाळी मी चिंधी डिझेलमध्ये बुडवून पाइप पुसला. टाकीत खुणेपर्यंत तेल भरलं. आणि गाडी अंगणातून काढून गोठ्यामागं मुरमावर लावली. मुरमावर डाग दिसत नाही. हे करताना मनात काही वाईट आणलं नव्हतं म्हणा, पण हात बरोबर काम करत होते.

पोरगा वडिलांना घेऊन आला. टायर बघितले, चेस ठोकून बघितली, बॉनेट उघडलं, एक चक्कर मारली. पाइपाकडं त्यांची नजर गेली नाही आणि मी नेली नाही. "वडाप करणार हाय," पोरगा म्हणाला. "जमलं तर चिपळूणपत्तुर." म्हणजे कुंभार्ली घाट. पाच हजार इसार देऊन बापलेक गेले. बाकीचे पैसे आणि कागदपत्रं आठ दिवसांनी.

भाचा वकिलीचं शिकतो. त्याला सहज विचारल्यासारखं विचारलं. तो म्हणाला, "मामा, नुसतं गप्प बसणं ही फसवणूक होत नाही. 1872 चा करार कायदाच तसं म्हणतो. पण ठाऊक असलेली गोष्ट मुद्दाम झाकली, तर ती फसवणूक." चिंधीचं मी त्याला सांगितलंच नव्हतं.

त्या रात्री दादांचा सर्जा आठवला. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. मी सातवीत होतो, खरसुंडीच्या यात्रेत सर्जा विकायला नेला होता. खिलार, पांढराशुभ्र, बघत राहावं असा. गिऱ्हाईक भाळलं. रुमालाखाली बोटं दाबून सौदा जमत आला, आणि दादांनी हात बाहेर काढला. म्हणाले, "ह्येची एक खोड हाय. चिखल लागला की खाली बसतोय. मारलं तरी उठत न्हाय." रुमालाखाली पुन्हा हात गेले आणि किंमत खाली आली. दलाल चिडला. "त्यानं इचारलं तरी हुतं का?" दादा म्हणाले, "बैल बोलत असता तर म्या गप बसलो असतो." तेव्हा मला दादांचा राग आला होता. त्या पैशातून मला सायकल मिळायची होती.

एक शंका मात्र मला आजही आहे. दादांना घेणाऱ्याची कणव होती, की त्या बैलाची? चिखलात बसल्यावर मार त्यालाच खावा लागणार होता.

दुसऱ्या दिवशी गाडी मिस्त्रीकडं नेली. म्हटलं, फुटला तेवढा तुकडा कापून क्लिप मारता येईल का? त्यानं माझ्याकडं नुसतं बघितलं. "परतीच्या पाइपाला चालतंय ते. ह्यो दाबाचा हाय. क्लिप उडून जाईल." मग पुसता पुसता म्हणाला, "फुटला तर स्टेअरिंग जाम हुत न्हाय. नुसतं जड हुतंय, पण अचानक. वळणावर आत बारा माणसं असली, आन् चालवणारा एका हातानं चालवत असला, की झालं. शिवाय तेल गरम सायलेन्सरवर पडलं तर येगळंच."

कराडहून पाइप आणला. तेल धरून अडीच हजार गेले. खाली घमेलं ठेवून जुनं तेल काढलं, ते काळं आणि जळका वास मारणारं. जुना पाइप सोडवायलाच तास गेला. नट गंजलेले, जागा अशी की हात जातो पण पाना फिरत नाही. तांब्याचे वायसर मिस्त्रीनं नवेच टाकले. जुन्या वायसरवर नवा पाइप आवळला की महिन्याभरात पुन्हा तेच, म्हणाला. मग पुढची चाकं जॅकवर उचलून, इंजिन बंद ठेवून, मला स्टेअरिंग या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरवायला लावलं. वीसेक वेळा. टाकीत बुडबुडे यायचे, तेल खाली जायचं, तो वर भरायचा. आत राहिलेली हवा अशी काढावी लागते. इंजिन चालू केलं तेव्हा पंपाचं कण्हणं बंद झालं होतं. दोन वर्षांत पहिल्यांदा ती गाडी गप्प होती.

आठव्या दिवशी बापलेक आले. बॉनेट उघडल्यावर म्हाताऱ्याला काळाकुळकुळीत पाइप दिसला. मी म्हटलं, "जुना पाझरत होता. बदलून टाकला." म्हातारा पोराला म्हणाला, "इसार घेतल्यावर खर्च करणारा माणूस बग. न्हायतर दुनिया." त्यानं निम्मे पैसे द्यायला खिशात हात घातला. मी घेतले नाहीत. तेव्हा तर त्यानं हातच जोडले. जोत्यावर बसून आई गहू निवडत होती. तिनं एकदा गोठ्यामागच्या मुरमाकडं बघितलं आणि पुन्हा सुपात मान घातली.

चिंधीचं तेव्हा सांगता आलं असतं. जीभ टाळ्याला चिकटली.

श्रावणात पोराचा फोन आला. मागं पावसाचा आवाज होता. "काका, स्टेअरिंग लोण्यावाणी फिरतंय. तुमच्यासारखी माणसं ऱ्हायली न्हाईत."

मी म्हटलं, "परतीचा पाइप जुनाच हाय रं. त्येच्या क्लिपाकडं ध्यान ठेव."