झुकलेली भिंत आणि घरमालकाची जबाबदारी

गुजरातच्या सीमेला लागून असलेल्या वेवजीसारख्या गावात, किंबहुना साऱ्या डहाणू-तलासरी पट्ट्यात, भिंतीला तडा जाणे ही आता नवलाची गोष्ट राहिलेली नाही. नोव्हेंबर २०१८ पासून या भागात भूकंपाचे धक्के जाणवू लागले. १ फेब्रुवारी २०१९ चा धक्का ४.१ तीव्रतेचा होता. त्या दिवसांत कित्येक कुटुंबांनी भीतीपोटी रात्री घराबाहेर काढल्या. धक्के विरळ झाले की तड्यावर चुन्याचा हात फिरतो आणि 'पावसाळा जाऊ द्या, मग पाहू' असे म्हणून गोष्ट मागे पडते.

प्रिय वाचकहो, त्याच भिंतीच्या कडेने शाळेची मुले जातात, वाडीवर कामाला येणारे मजूर जातात, आपल्याच घरी जेवायला बोलावलेले पाहुणे जातात. ती कोसळून कुणी जायबंदी झाले, तर 'अल्लाहची मर्जी' एवढे म्हणून मालकाची सुटका होते काय?

तकदीरवर आपले ईमान आहे. परंतु तकदीर ही निष्काळजीपणाची ढाल नव्हे. वाटेतील इजा देणारी वस्तू दूर करणे ही ईमानचीच एक शाखा आहे, अशी प्रेषित मुहम्मद (स.) यांची शिकवण सहीह मुस्लिममध्ये आली आहे. रस्त्यावरचा काटा दुसऱ्या कुणी टाकलेला असतो, तरी तो उचलायचा. मग भिंत तर आपली स्वतःची!

आपल्या फुकहांनी (धर्मशास्त्रवेत्त्यांनी) या प्रश्नाचा किती बारकाईने विचार केला होता, हे पाहून मन थक्क होते. बाराव्या शतकातील इमाम मरगीनानी यांच्या 'हिदाया' या हनफी ग्रंथात झुकलेल्या भिंतीवर स्वतंत्र चर्चा आहे. सरळ बांधलेली भिंत पुढे रस्त्याच्या बाजूला कलली, आणि कुणी मालकाला ती पाडण्यास सांगितले. पाडता येईल एवढा अवधी मिळूनही त्याने ती तशीच ठेवली आणि ती पडून कुणाचे प्राण गेले किंवा माल नष्ट झाला, तर भरपाई देणे लागते. मुळातच कलती बांधली असेल, तर सांगण्याचीही गरज नाही. साक्षीदार लागतात ते केवळ उद्या मालक नाकबूल झाला तर पुरावा असावा म्हणून. जबाबदारी सांगितल्या क्षणापासूनच सुरू होते.

सांगणारा कोण, यावरचे विवेचन तर आपण पुनःपुन्हा वाचावे असे आहे. रस्ता सर्वांचा, म्हणून हा अधिकारही सर्वांचा: पुरुषाचा तसाच स्त्रीचा, मुसलमानाचा तसाच गैरमुस्लिमाचा. म्हणजे आपल्या वाडीवर येणाऱ्या वारली मजूर बाईने 'शेठ, ही भिंत पडेल' असे म्हटले, तर तिचे शब्द शरीयतच्या दृष्टीने पूर्ण वजनाचे आहेत. तिला हसून वाटेला लावणाऱ्याने हे ध्यानात ठेवावे. शिवाय सार्वजनिक रस्त्याच्या बाबतीत सांगणाऱ्याने किंवा खुद्द काजीने दिलेली मुदतही मालकाला वाचवत नाही, कारण इतरांचा हक्क सोडून देण्याचा अधिकार त्यांना नाही.

कोकणातील अनेक घराणी शाफई मसलकाची आहेत, म्हणून प्रामाणिकपणे सांगितले पाहिजे की इमाम नववी यांच्या 'मिन्हाज'मध्ये सरळ बांधून नंतर कललेल्या भिंतीबद्दल भरपाई नाही, हे मत ग्राह्य धरले आहे. पाडणे शक्य असूनही न पाडणाऱ्यावर ती लागते, हे दुसरे मत म्हणून नोंदले आहे. पण कुणी मसलकाचा आधार घेऊन निश्चिंत होऊ नये. भरपाई लागत नाही याचा अर्थ जाणूनबुजून लोकांचे जीव धोक्यात ठेवण्यास मोकळीक मिळाली, असा होत नाही. आणि या देशातील न्यायाधीश मसलक विचारणार नाही.

इंग्लंडमध्ये १९५७ साली जागेच्या ताबेदाराची पाहुण्यांप्रति जबाबदारी ठरवणारा स्वतंत्र कायदा झाला. आपल्याकडे तसा वेगळा कायदा नाही. नुकसानभरपाईचे तत्त्व न्यायालयांच्या निकालांतून घडले आहे. मध्य प्रदेश उच्च न्यायालयाचा १९५८ साली प्रसिद्ध झालेला एक निकाल आपल्या विषयाला तंतोतंत लागू पडतो. पावसात एका इमारतीची भिंत कोसळून दोन मुले दगावली. हा दैवी प्रकोप होता, हे मालकाचे म्हणणे न्यायालयाने मानले नाही. पावसाळ्यात पाऊस पडणारच आणि इमारत सुरक्षित राखणे हे मालकाचे काम आहे, असा त्याचा आशय. माझ्या मते, वर्षानुवर्षे धक्के अनुभवलेल्या तलासरीत 'भूकंप अचानक झाला' ही सबबही फारशी टिकणार नाही. शिवाय निष्काळजीपणाने मृत्यू घडला तर भारतीय न्याय संहितेच्या कलम १०६ खाली पाच वर्षांपर्यंत कैद होऊ शकते, ते निराळेच.

घर भाड्याने दिले असेल तर? 'हिदाया'नुसार भाडेकरूला दिलेली सूचना पुरेशी नाही, कारण भिंत पाडण्याचा अधिकार त्याच्या हाती नसतो. ती मालकापर्यंत पोहोचली पाहिजे. म्हणून तडा प्रथम दिसणाऱ्या भाडेकरूने मालकाला लेखी, नाहीतर दोन माणसांसमक्ष कळवावे, आणि दुरुस्ती होईपर्यंत त्या बाजूला काट्याचे कुंपण घालून मुलांची वाट दुसरीकडून वळवावी.