पाहण्याचा निस्तार

गोंदिया जिल्ह्यात अर्जुनी दोन. मोरगावजवळची ती अर्जुनी मोरगाव आणि नागपूर-रायपूर महामार्गावरची ती सडक अर्जुनी. तिला लागूनच कोहमाऱ्याचा चौक. तिथून एक फाटा गोरेगाववरून गोंदियाला जातो, दुसरा नवेगाव बांधकडे. २०१३च्या डिसेंबरात नवेगाव-नागझिरा व्याघ्र प्रकल्प जाहीर झाला. वाघ बघायला निघालेला माणूस आता गाडीत बसण्याआधी मोबाइलवर येऊन जातो. खोलीचे फोटो बघतो, भाडं बघतो, निघून जातो.

समजा, या टापूतल्या एका होमस्टेवाल्याने वेबसाइट काढली आणि जाहिरातीचं काम शहरातल्या एजन्सीला दिलं. पहिल्याच दिवशी फोन येणार: ‘‘दादा, ॲनालिटिक्सचा ॲक्सेस लागेल. जीमेलचा पासवर्ड व्हॉट्सॲप करा, बाकी आम्ही बघून घेतो.’’ ‘‘हौ जी, पाठवतो,’’ म्हणून तो पाठवूनही देणार. त्याच जीमेलमध्ये बँकेची पत्रं, आधारची प्रत आणि लेकीच्या कॉलेजची फी-पावती. गाय चारायला दिली आणि गोठ्याच्या जोडीला घराचीही किल्ली दिली, असा हा प्रकार.

यावरचा तांत्रिक उपाय दोन मिनिटांचा आहे. पासवर्ड कुणालाच द्यायचा नाही. वेबसाइटवर येणाऱ्यांची मोजणी करणाऱ्या गूगल ॲनालिटिक्समध्ये एजन्सीच्या माणसाचा ईमेल स्वतंत्रपणे जोडायचा, तोही अख्ख्या अकाउंटवर नव्हे, त्या एका वेबसाइटच्या प्रॉपर्टीपुरता. भूमिका ठरवून द्यायची: व्ह्यूअर फक्त बघतो, ॲनालिस्ट स्वतःचे अहवाल मांडतो, एडिटर मोजणीच्या सेटिंग बदलू शकतो आणि ॲडमिनिस्ट्रेटर इतरांना आत घेतो नि बाहेरही काढतो. ही भूमिका अख्ख्या अकाउंटवर दिली तर त्या इतरांत मूळ मालकही आला. कमाईचे आणि खर्चाचे आकडे झाकून ठेवायचीही सोय आहे. हे सगळं कोणीही शिकवेल. खरी अडचण त्याच्या अलीकडची आहे: होमस्टेवाला जे देतोय, ते त्याचं आहे का?

या प्रश्नाचा सराव या भागाला जुना आहे. भंडारा-गोंदिया हा तलावांचा मुलूख. नवेगावचा बांध कोलू पाटील कोहळी याने घातला, असं इथे पिढ्यान्‌पिढ्या सांगतात, आणि तलाव बांधण्यात कोहळी समाजाचा हात धरणारं कोणी नव्हतं. मालगुजारी, म्हणजे इथली जमीनदारी, गेली तेव्हा, १९५१च्या सुमारास, हे तलाव सरकारजमा झाले आणि ‘माजी मालगुजारी’चं लोकांनी ‘मामा’ करून टाकलं. मामा तलावाचा मालक कागदावर बदलला, पण गावाचा निस्तार राहिला. निस्तार म्हणजे मालकी नसताना वापरायचा हक्क: गुरांना पाणी, जळणाला लाकूड, चराईला रान. जुन्या मध्य प्रांताच्या बंदोबस्ताच्या कागदांत, वाजिब-उल-अर्जमध्ये आणि पुढे निस्तार पत्रकात, हे हक्क गावागणिक लिहून ठेवलेले असत. २००६च्या वनहक्क कायद्यानेही ‘निस्तार’ हा शब्द जसाच्या तसा उचलला. तलाव कोणाचा आणि पाणी कोणी घ्यायचं, हे दोन वेगळे प्रश्न आहेत, ही समज इथल्या शेतकऱ्याला कोणत्याही सॉफ्टवेअर कंपनीच्या आधीपासून आहे. तीच व्यक्ती पासवर्ड देताना ती समज कुठे ठेवते, कोण जाणे.

धर्मशास्त्राने याच्याही पुढे जाऊन खल केला. याज्ञवल्क्य स्मृतीच्या व्यवहाराध्यायात दुसऱ्याकडे विश्वासाने ठेवलेल्या वस्तूचं प्रकरण आहे, आणि बाराव्या शतकाच्या आगेमागे कल्याणीच्या चालुक्यांच्या राज्यात विज्ञानेश्वराने ‘मिताक्षरा’त त्याची फोड केली. मोजून, दाखवून ठेवलेला तो निक्षेप. पेटीत बंद करून, मोहोर लावून, आत काय आहे ते न सांगता ठेवलेला तो उपनिधी. ठेव होती तशीच परत करायची. राजाने नेली, दैवाने गेली किंवा चोरांनी नेली तर ठेवून घेणाऱ्याकडे दोष नाही. पण आपल्या मर्जीने तिच्यावर पोट भरलं तर दंड भरायचा आणि ठेव वाढीसकट परत करायची.

आता वेबसाइटवर येऊन गेलेल्या माणसाची खूण यात कुठे बसते? कोणत्या शहरातून आला, कोणता फोन, कोणत्या पानावर किती वेळ रेंगाळला. त्याने हे होमस्टेवाल्याकडे मुद्दाम ठेवलेलं नाही; चालताना मागे पडलेली पावलं आहेत ती. मोजलेली आहेत म्हणून निक्षेपासारखी, ठेवणाऱ्यालाच पत्ता नाही म्हणून उपनिधीच्या पलीकडची. म्हणजे होमस्टेवाला एजन्सीला जी वस्तू देतो, ती त्याच्याकडेच परक्याची आहे. २०२३च्या डिजिटल वैयक्तिक डेटा संरक्षण कायद्यानेही वैयक्तिक माहिती हाताळणाऱ्याला मालक म्हटलेलं नाही. त्याला ‘फिड्युशिअरी’ म्हटलं आहे, म्हणजे विश्वासाने सांभाळणारा. गांधींनी आत्मकथेत नोंदवलं आहे की गीतेतला अपरिग्रह त्यांना नीट उमगला तो इंग्रजी कायद्याच्या अभ्यासातून: स्नेल या इंग्रज कायदेलेखकाच्या पुस्तकातल्या ‘ट्रस्टी’ या शब्दाने. अफाट संपत्ती हाताशी असूनही तिच्यातला कणही आपला न मानणारा माणूस. बॅरिस्टरीचा असा उपयोग क्वचितच कोणी केला असेल.

तरीही स्मृतीचा नियम इथे एका ठिकाणी अडतो. पेटी परत करता येते. पाहिलेलं परत करता येत नाही. एजन्सीचं कंत्राट संपलं, ईमेल काढून टाकला, तरी कोणत्या जाहिरातीला कोण भुलतं हे तिच्या डोक्यात आणि उतरवून घेतलेल्या एक्सेल फाइलीत राहणारच. वाढीसकट परतफेड करायला वस्तूच उरत नाही. म्हणून इथे सगळा न्याय आधी करावा लागतो, देण्याच्या क्षणी, निस्तार पत्रकासारखा: कशासाठी, किती, कधीपर्यंत.

पावलांची माहिती म्हणजे काय, हे जंगलाशेजारच्या माणसाला वेगळं सांगायला नको. २०१३च्या जुलैमध्ये मध्य प्रदेशातल्या पन्ना व्याघ्र प्रकल्पाच्या एका शास्त्रज्ञाचा ईमेल उघडायचा प्रयत्न झाला. त्या ईमेलवर पन्ना-२११ या अडीच वर्षांच्या वाघाच्या जीपीएस कॉलरची माहिती येत असे. प्रयत्न पुण्यातून झालेला दिसला. सर्व्हरने तो अडवला. वाघाला त्याची गंधवार्ताही नव्हती. त्याने काही दिलं नव्हतं, काही कबूल केलं नव्हतं. तो फक्त चालत होता.

होमस्टेच्या वेबसाइटवर अशी कॉलर नकळत बसते. पाहुणा बुकिंगचा फॉर्म भरतो, ‘धन्यवाद’ असं पान उघडतं आणि फॉर्म घाईत बनवलेला असेल तर त्या पानाच्या पत्त्यातच, प्रश्नचिन्हाच्या पुढे, त्याचा मोबाइल नंबर येऊन बसतो. ॲनालिटिक्स पानांचे पत्ते इमानाने नोंदवतं. ओळख पटेल अशी माहिती पाठवू नका, असा गूगलचा नियम आहे, पण फॉर्म बनवणाऱ्याने तो वाचलेला असेलच असं नाही. मग फक्त ‘व्ह्यूअर’ असलेला माणूसही पानांची यादी खाली सरकवत जातो आणि त्याला एकाखाली एक दहा आकडी नंबर दिसू लागतात. मोहोर शाबूत, पेटीच्या बुडाला भोक. एजन्सीला ॲक्सेस देण्याआधी ही यादी एकदा स्वतः खालपर्यंत बघण्याची तसदी किती जण घेतात?

पावसाळ्यात सफारी बंद होते, खोल्या रिकाम्या पडतात, एजन्सीचं बिलही थांबतं. त्या दिवसांत कधी ‘ॲक्सेस मॅनेजमेंट’चं पान उघडलं तर तिथे चार ईमेल सापडू शकतात. एक मालकाचा. एक पुतण्याचा, ज्याने वेबसाइट काढून दिली. एक एजन्सीचा. चौथा कोणाचा, ते फोन करूनच विचारावं लागतं, आणि पलीकडचा जरा थांबून म्हणतो, ‘‘तो मुलगा तर दिवाळीतच सोडून गेला, दादा.’’