निगेटिव्हवरची पेन्सिल



तू पाठवलेल्या चाळीस फायली तुझ्या काकाने परवा टीव्हीवर लावून दाखवल्या. सगळे चेहरे कसे, आत्ताच न्हाऊन बसल्यासारखे. सोबत तू लिहिलं होतंस, "आबा, जवळजवळ प्रत्येक चेहऱ्यावर बारीक ओरखडे होते. एकेक करून काढले, दोन रात्री गेल्या." तुझ्या दोन रात्रींचं मला वाईट वाटतं. ते ओरखडे नव्हते गं. ती तुझ्या आजीची पेन्सिल होती.

हे तुला कुणी सांगितलंच नाही, आणि निगेटिव्हचे डबे तुझ्या हवाली करताना मीही विसरलो. आपल्या स्टुडिओत कॅमेरा होता हाफ प्लेटचा. म्हणजे पावणेपाच बाय साडेसहा इंचांची निगेटिव्ह. आधी काचेची, मग शीट फिल्मची. एवढ्या मोठ्या निगेटिव्हचा फायदा असा की तिच्यावर हाताने काम करता येतं. उत्तरेच्या खिडकीशी आजीचं रिटचिंगचं डेस्क असे. तिरकी लाकडी चौकट, मधोमध दुधी काच, खाली उजेड वर फेकणारा आरसा. गुळगुळीत जिलेटिनवर पेन्सिल घसरते, म्हणून आधी रिटचिंग मीडियम नावाचं वार्निशसारखं औषध बोटाने चोळायचं. मग कडक शिशाची पेन्सिल पॉलिश पेपरवर घासून सुईसारखी करायची आणि स्वल्पविरामाएवढ्या रेघा मारत बसायचं. निगेटिव्हमध्ये सुरकुती म्हणजे पातळ, पारदर्शक जागा. तिथे शिसं भरलं की प्रिंटमध्ये ती उजळ होते, म्हणजे दिसेनाशी होते.

त्या काळी गिऱ्हाईक काय म्हणून यायचं, हे तुला ठाऊक असायला हवं. मुलगी दाखवायचा फोटो. आणि गावातल्या दर चार-पाच मुलींत एकीच्या गालावर देवीचे वण. आपल्या देशात देवीचा शेवटचा रोगी १९७५ साली सापडला, पण तिने ठेवलेले चेहरे पुढे कितीतरी वर्षं आपल्या स्टुलावर येऊन बसत होते. प्रत्येक खड्ड्याची सावली आजी पेन्सिलीने भरायची. एकेका चेहऱ्याला दीड-दोन तास. त्याचे वेगळे पैसे आम्ही कधी लावले नाहीत. लावायला हवे होते, असं आता वाटतं.

मग या रेघा तेव्हा दिसत कशा नव्हत्या? दिसत होत्या, पण भिंग लावलं तरच. प्रिंट बहुतेक निगेटिव्हच्याच मापाचा, उटीच्या कारखान्यातल्या 'इंदू' कागदावर निघायचा आणि हातभर अंतरावरून पाहिला जायचा. तू स्कॅन केलंस २४०० डीपीआयला आणि स्क्रीनवर शंभर टक्क्यांनी उघडलंस. म्हणजे चेहरा साधारण चोवीस पट मोठा. एवढ्या जवळ तर त्या मुलीची आईसुद्धा कधी गेली नसेल.

आता स्कॅनरविषयी. मला तो चालवता येत नाही, पण गेले सहा महिने काकाच्या शेजारी बसून त्याला सूचना देतोय. त्यामुळे तो चालवणं सोडून बाकी सगळं मला येतं. तू घेतलेला व्ही ७०० सेकंडहँड असला तरी योग्य घेतलास. त्याच्या झाकणातला दिवा आठ बाय दहा इंचांपर्यंतच्या निगेटिव्हला पुरतो. स्वस्तातल्या पुष्कळ फ्लॅटबेडांच्या झाकणात रोल फिल्मपुरतीच उजेडाची पट्टी असते. त्यांत आपली हाफ प्लेट अर्धीच उजळली असती. पण सोबतच्या होल्डरमध्ये चार बाय पाचच्या पुढचं काही बसत नाही, म्हणून आपली निगेटिव्ह थेट काचेवरच ठेवावी लागते. तिथे एक बारीक भानगड आहे. या यंत्राला दोन लेन्स आहेत. एक होल्डरमधल्या, म्हणजे काचेपासून सुमारे तीन मिलिमीटर वर असलेल्या फिल्मवर फोकस होते, दुसरी काचेच्या पृष्ठभागावर. कोणती वापरायची हे सॉफ्टवेअरमध्ये निवडलेल्या पर्यायावरून ठरतं. होल्डरचा पर्याय तसाच ठेवून निगेटिव्ह काचेवर ठेवलीस की सगळं जरा मऊ येणार. तुझ्या पहिल्या दहा फायली अशाच आहेत. बाकीच्या तीस कुरकुरीत आहेत, म्हणजे अकरावीच्या वेळी तुला ते कळलं असावं.

फायलींत दोन ठिकाणी पाण्यावर तेल पसरल्यासारखी वलयं दिसली. ती न्यूटनची वलयं. फिल्मची चकचकीत पाठ आणि स्कॅनरची काच जवळजवळ चिकटल्या, पण पुरत्या चिकटल्या नाहीत, की मधल्या हवेच्या पापुद्र्यात ती उमटतात. निगेटिव्ह उलटी कर. इमल्शनची निस्तेज, मॅट बाजू काचेवर येऊ दे. मग चित्र आरशातल्यासारखं उलटं येईल, ते नंतर सॉफ्टवेअरमध्ये पलटायचं. पलटायला विसरू मात्र नकोस. तुझ्या फाईल नंबर सतरामध्ये अख्खं कुटुंब डावखुरं झालंय आणि आजोबांचं घड्याळ उजव्या मनगटावर गेलंय. बाजू ओळखण्यासाठी शीट फिल्मच्या कडेला खाचा असतात. फिल्म उभी धर. खाचा वरच्या कडेला उजव्या कोपऱ्यात आल्या की इमल्शन तुझ्याकडे. अंधारात बोटांना कळावं म्हणून केलेली ती सोय. आम्ही डोळे मिटूनच शिकलो.

काचेच्या ज्या टोकाशी होल्डरची मोकळी खाच येते, तिथे काही ठेवू नकोस, आणि ती जागा रोज पूस. स्कॅनर प्रत्येक वेळी तिथून स्वतःचा उजेड जोखतो. तिथे एक कण बसला की अख्ख्या चित्रातून सरळ रेघ जाते. ती रेघ खुशाल काढ. ती आजीची नाही.

धूळ काढायचं ते 'डिजिटल आइस' बंद ठेव. ते इन्फ्रारेड उजेडाने धूळ शोधतं. रंगीत फिल्मचे रंग इन्फ्रारेडला आडवे येत नाहीत, पण आपल्या कृष्णधवल निगेटिव्हमध्ये चित्रच चांदीचं आहे आणि चांदी इन्फ्रारेड अडवते. त्यामुळे यंत्राला नवरीचा शालूसुद्धा धूळच वाटतो. हवेचा पंप आणि मऊ ब्रश बास. पंखा बंद, फरशी ओल्या फडक्याने पुसलेली, निगेटिव्ह कडेने धरलेली.

ऑटोवर सोडून देऊ नकोस, हे कळवळून सांगतोय. आमच्या निगेटिव्ह घट्ट असत. पांढरा फेटा, पांढरं धोतर निगेटिव्हमध्ये जवळजवळ काळं ठिक्कर. ऑटोने फेट्याच्या घड्या गिळल्या की त्या कुठल्याही सॉफ्टवेअरने परत येत नाहीत. काळ्या-पांढऱ्याच्या दोन्ही खुणा हिस्टोग्रामच्या पार बाहेर ठेव आणि १६ बिटमध्ये साठव. फाईल फिकट, मेलेली दिसेल. दिसू दे. आणि स्कॅन रंगीत कर. होय, कृष्णधवल निगेटिव्हचं रंगीत.

याचं कारण डब्यातली ती लाल डाग असलेली निगेटिव्ह. तू तिला 'खराब' असं नाव देऊन बाजूला ठेवलंस. तो डाग पडलेला नाही, मुद्दाम लावलेला रंग आहे. मोठ्या जागेवर पेन्सिल पुरत नाही, तिथे आजी लाल रंग पातळ करून ब्रशने थरावर थर चढवायची. प्रिंटच्या कागदाला फक्त निळा उजेड कळतो. लाल रंग तो उजेड अडवतो, म्हणून ती जागा प्रिंटमध्ये उजळ होते. स्कॅनर मात्र लाल, हिरवा, निळा असे तीन वेगळे चॅनल देतो. निळ्या चॅनलमध्ये चेहरा दिसेल तो आजीने गिऱ्हाइकाच्या हातात दिलेला. लाल चॅनलमध्ये लाल रंग पारदर्शक होतो आणि खालचा चेहरा वर येतो, कॅमेऱ्यासमोर बसला होता तसा. पेन्सिल तेवढी दोन्हींत राहते, कारण शिसं सगळाच उजेड अडवतं. दोन्ही चॅनल एकाच फाईलमध्ये जपून ठेव. पण कुणाच्या नातवंडांनी फोटो मागितला तर निळ्यातला दे. त्या बाईने पैसे मोजले होते ते त्या चेहऱ्याचे.

आकड्यांचा हव्यास धरू नकोस. खोक्यावर ६४०० लिहिलेलं असलं तरी या जातीच्या स्कॅनरांत खरा तपशील अडीच हजाराच्या आसपास संपतो. पुढे फक्त फाईल फुगते. हाफ प्लेट २४०० ला स्कॅन केली की १७.८ कोटी पिक्सेल, रंगीत १६ बिटमध्ये एक जीबीच्या वर. बाराशे डबे... नको, तू हिशेब कर. ग्रुप फोटोंना १२०० पुरे. त्यातूनही १९ बाय २६ इंचांचा चांगला प्रिंट निघतो. २४०० राखून ठेव ते पेन्सिलीच्या चेहऱ्यांसाठी.

ज्या डब्यातून आंबूस वास येतो तो आधी घे. ती अॅसिटेटची फिल्म. व्हिनेगरचा वास आला म्हणजे ती आकसायला लागली. पुढे वरचं इमल्शन सुरकुत्या पडून उठतं, मग स्कॅनरवर ती सपाट बसत नाही. माझ्या वडिलांच्या वेळच्या, कडेला 'सेफ्टी' अशी इंग्रजी अक्षरं नसलेल्या पिवळट, चिकट फिल्म सापडल्या तर त्या घरात ठेवू नकोस, मला कळव. ती नायट्रेट असू शकते. कोडॅकने शीट फिल्मसाठी ती १९३९ पर्यंत बंद केली, पण जुना माल कुठे पडलेला असेल सांगता येत नाही. भडकली की पाण्यानेही विझत नाही.

आणि बुरशीला पाणी लावायचं नाही. हे पुस्तकातलं नाही, मोरीतलं ज्ञान आहे. एका पावसाळ्यात कपाटाच्या खालच्या खणात ओल शिरली. तीसेक निगेटिव्हवर पांढरी जाळी धरली. मी मोठ्या हौसेने त्या ट्रेमधल्या पाण्यात सोडल्या. बुरशीने खाल्लेलं जिलेटिन पाण्यात विरघळतं, हे तेव्हा मला माहीत नव्हतं. एका वकिलांच्या मुलीचं लग्न, आहेराच्या ओळीसकट, पापुद्रा होऊन निसटलं आणि मोरीच्या जाळीत जाऊन अडकलं. आजी दारात उभी होती. एक शब्द बोलली नाही. आठवडाभर बोलली नाही, खरं तर. त्या निगेटिव्हवर तिच्या तीन दुपारी होत्या.

तर आता काम सांगतो. त्या चाळीसही निगेटिव्ह पुन्हा स्कॅन कर, काहीही न पुसता. कडा, खाचा, इमल्शनवर उलट्या आकड्यांत लिहिलेले नंबर, सगळं येऊ दे. साफ केलेल्या फायली वेगळ्या फोल्डरमध्ये ठेव, फेकू नकोस. त्याही मेहनतीच्याच आहेत.

त्याआधी मात्र हिरव्या डब्यातली ४१२ नंबरची काढ. ती आजीची स्वतःची, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षातली. तिच्या डाव्या गालावर तीन वण होते, तुला आठवत असतील. त्या निगेटिव्हला ती हात लावेना. म्हणाली, राहू देत, मला ठाऊक आहेत. ती माहेरी गेल्यावर मीच डेस्कवर बसलो आणि पेन्सिल चालवली. मला रिटचिंग कधीच जमलं नाही. तिच्या रेघा स्वल्पविराम, माझ्या काठ्या. परत आल्यावर तिने ती निगेटिव्ह खिडकीशी धरली, बराच वेळ पाहिली आणि नंबर टाकून डब्यात ठेवून दिली. तिचा प्रिंट आम्ही कधी काढलाच नाही.

ती २४०० ला कर. मला गालापाशी शंभर टक्के मोठी करून पाहायची आहे.

तुझा आबा