बाबांचा धाक आणि उपग्रहाची नजर

हरियाणाच्या फरिदाबाद जिल्ह्यातलं मांगर बनी हे अरावलीतलं धौच्या झाडांचं दाट जंगल. दिल्लीच्या वेशीवर, जमिनीचे भाव आभाळाला भिडलेले असताना ते उभं आहे. मांगर, बंधवाडी आणि बलियावास या गुज्जर गावांनी तिथली फांदी न तोडण्याचा नेम पिढ्यानपिढ्या पाळला. तोडली तर या जंगलात पूजल्या जाणाऱ्या गुदरिया बाबांचा कोप होतो, ही श्रद्धा.

दिल्लीभोवतीच्या त्याच राष्ट्रीय राजधानी क्षेत्रातल्या, हरियाणाच्याच कर्नाल, पानिपत, जिंदमध्ये आता दुसरा धाक आहे. भाताची पराळी, म्हणजे कापणीनंतर रानात उरलेला पेंढा, पेटली की उपग्रह ती टिपतो आणि जागेची नोंद अधिकाऱ्यांच्या मोबाइलवर येते. नोव्हेंबर २०२४ पासून दंड दुप्पट झाला: दोन एकरांखाली ५,००० रुपये, पाच एकरांवर ३०,०००.

पण या नजरेला वेळापत्रक आहे. नासाचा एक प्रमुख उपग्रह दुपारी दीडच्या सुमारास डोक्यावरून जातो. हिरेन जेठवा या नासाच्याच शास्त्रज्ञाने २०२४ मध्ये दाखवून दिलं, की पंजाब-हरियाणात आगी त्यानंतर लागू लागल्या आहेत.

कोणी पाहतंय म्हणून टाळलेलं पाप, हे पुण्य का? बाबांचाही धाकच होता, असं कोणी म्हणेल. खरं आहे. मात्र तो धाक गावाने स्वतः स्वीकारलेला होता, प्रमुखालाही आणि गुराख्यालाही सारखाच. बाबांची नजर चुकवायची वेळच नव्हती. उपग्रह परका आहे. परक्याला चुकवण्यात माणसाला अपराध वाटत नाही.

धाक नव्हे, नेम हवा, आणि तो गावातूनच यायला हवा; म्हणूनच सरपंच महत्त्वाचा. श्रेष्ठ जसं वागतो तसं लोक वागतात, हे गीतेच्या तिसऱ्या अध्यायातलं लोकसंग्रहाचं सूत्र आज गावाच्या व्हॉट्सॲप गटावरही लागू पडतं. जिंदमधल्या बीबीपूरचे तेव्हाचे सरपंच सुनील जागलान यांनी २०१५ मध्ये मुलीसोबत सेल्फी काढण्याची स्पर्धा घेतली आणि ती देशभर पोचली. सरपंचाच्या हातातला फोन काय करू शकतो, हे तिथे दिसलं.

पराळीच्या बाबतीत मात्र दंडाचे सरकारी संदेश गटावर पुढे पाठवून भागत नाही. भात निघाल्यावर गव्हाच्या पेरणीला जेमतेम दोन-तीन आठवडे मिळतात आणि पराळीतच गहू पेरणारं हॅपी सीडर यंत्र भाड्याने मिळेपर्यंत लहान शेतकऱ्याचा वाफसा निघून जातो. सरपंचाने आधी स्वतःच्या रानात पराळी न जाळता गहू पेरावा, त्याचा फोटो गटावर टाकावा आणि यंत्राच्या पाळ्या तिथेच जाहीर कराव्यात. त्या यादीत दोन एकरवाल्याचं नाव सरपंचाच्या स्वतःच्या नावाच्या वर असावं.