धन्याचा हुकूम व चाकराची जीभ

शाहूवाडी तालुक्यात मलकापूर अथवा बांबवडे येथील बाजारात, दुचाकीवर नमुन्यांची पिशवी बांधून हिंडणारा फिरता विक्रेता आमच्या वाचकांनी पुष्कळदा पाहिला असेल. भर पावसात तो आंबा घाटाच्या बाजूस वाडीवाडीची दुकाने धुंडीत जातो. त्याच्या मिळकतीत थोडा पगार व थोडी विक्रीवरील दलाली असते. आणि महिन्यास किती माल खपला पाहिजे, तो आकडा वरचा साहेब ठरवितो.

महिनाअखेर आली व आकडा भरला नाही, म्हणजे निरोप येतो, "काय वाटेल ते करा, पण आकडा भरा." मग तो तरुण एखाद्या गरीब दुकानदाराच्या गळ्यात नको असलेला माल उधारीने बांधितो. माल पडून राहतो, त्याची मुदत सरते, उधारी मात्र उभी राहते. ह्या अन्यायाचा दोष कोणावर?

कित्येक म्हणतील, चाकर हुकुमाचा ताबेदार, दोष साहेबाचा. आम्हांस हे पुरते पटत नाही. हुकूम साहेबाचा खरा. पण "हा माल हातोहात खपेल," असे बोलली ती जीभ चाकराची. दिवसाचे श्रम विकता येतात, सत्य विकता येत नाही.

तथापि एवढ्यावर धन्याने समाधान मानू नये. प्रामाणिकपणे भरणे अशक्य असा आकडा ज्याने घातला, त्याने तोंडाने म्हटले नाही तरी खोटेच मागितले. त्याचा दोष अधिक मोठा. कारण चाकरास पोटाची भीती आहे, त्यास ती नाही.

कायदा काही अंशी साहाय्य करितो. १९७६ साली संसदेने औषधे खपविणाऱ्या प्रतिनिधींसारख्या नोकरांसाठी कायदा करून नेमणुकीचे पत्र व रजा ह्यांची तरतूद केली. केरळाने २०१८ साली व तमिळनाडूने २०२१ साली दुकानातील नोकरांस बसावयास आसन द्यावे, असे कायद्याने ठरविले. दिवसभर उभ्या असलेल्या माणसास बसू द्या, हेही कायद्याने सांगावे लागले! परंतु कायदा आसन देईल. साहेबाच्या मनात न्याय घालू शकणार नाही.

म्हणून विक्रीच्या चाकरीत असलेल्या आमच्या तरुणांस आम्ही सुचवितो की, नेमणूक व दलालीचा दर लेखी मागा. आकडा अशक्य असेल तर महिन्याच्या आरंभीच, सोबत्यांसह, नम्रपणे सांगा. ज्या दुकानदारास आज फसवाल, त्याच्याच दारी पुढल्या महिन्यात जावे लागेल, हे विसरू नका.

कोणी विचारील, "खरे बोलून चाकरी गेली, तर मुलांनी काय खावे?" हा प्रश्न खरा आहे, त्यास केवळ उपदेशाने उत्तर देणे निर्दयपणाचे होय. ज्या मंडळीत आपण सत्याची शिकवण देतो, तिच्यातील एखाद्याची चाकरी सत्यापायी गेली, तर नवी चाकरी मिळेपर्यंत त्याच्या घरी भात पोहोचविणे हे मंडळीचे काम आहे. ते आम्हांकडून होत नसेल, तर त्या तरुणास दोष देण्याचा अधिकार आम्हांस उरत नाही.