फुकटच्या भेटीची किंमत

शाळेच्या क्रीडामहोत्सवाला शीतपेयाच्या एखाद्या कंपनीने मंडप दिला आणि मोबदल्यात आपला फलक लावला, तर बिघडले कुठे, असे अनेक पालक विचारतात. शाळांची आर्थिक ओढाताण आम्ही जाणतो. म्हणून हा प्रश्न आम्हांला क्षुल्लक वाटत नाही.

अशा व्यवहाराचे ठळक उदाहरण अमेरिकेत घडले. १९९० साली 'चॅनल वन' ही कंपनी शाळांना दूरचित्रवाणी संच विनामूल्य पुरवू लागली. बदल्यात रोज बारा मिनिटांचा बातम्यांचा कार्यक्रम वर्गात दाखवावयाचा. त्यांतील दोन मिनिटे जाहिरातींची. चॉकलेटे, चिप्स, शीतपेये यांच्याही. २०१८ साली तो कार्यक्रम बंद पडला. त्याने उभा केलेला प्रश्न मात्र उरला आहे.

घरी आई संच बंद करू शकते. वर्गातल्या मुलाला उठून जाता येत नाही. शिवाय "बाईंनी सांगितले" हे मुलाच्या लेखी अखेरचे प्रमाण असते. जाहिरातदाराला भिंतीपेक्षा हा विश्वासच हवा असतो. तो तर पालकांनी शाळेकडे सोपविलेली ठेव आहे, आणि ठेव विकण्याचा अधिकार राखणदाराला नसतो.

कोणी म्हणेल, मुलांना संयम शिकवावा, बंदी कशाला? संयम शिकविणे हे आपले कर्तव्यच आहे. परंतु विज्ञानाच्या तासाला अति साखरेचे दुष्परिणाम सांगावयाचे आणि व्हरांड्यात तिचीच जाहिरात टांगावयाची, यातून मूल काय शिकेल? मोठी माणसे बोलतात एक आणि पैशासाठी करतात दुसरे, हेच. दात किडण्याहून ही कीड अधिक खोल जाते.

अन्न सुरक्षा व मानके प्राधिकरणाच्या २०२० च्या नियमांनी मेद, मीठ वा साखर अधिक असलेल्या पदार्थांची विक्री व जाहिरात शाळेच्या आवारात आणि फाटकापासून ५० मीटरपर्यंत निषिद्ध ठरविली आहे. पण कायदा अंतर मोजतो. मोह आवरण्याचे काम आपले.

पालक-शिक्षक सभेत देणगीदाराला एवढेच विचारावे: "फलक न लावता हीच देणगी द्याल का?" उत्तर नकारार्थी आले, तर ती देणगी नव्हे, मुलांच्या विश्वासाची खरेदी होय. मग आपण वर्गणी काढू. मंडप लहान होईल, इतकेच; खेळ तर मैदानावरच व्हावयाचे आहेत.